बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेतलं की आत काय होतं

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर, दुकान बंद करायच्या वेळेला एक तरुण आला. माझी फार्मसी गोव्यात, फोंड्याला. आत दोन गिऱ्हाइकं होती, ती जाईपर्यंत तो कपाटांकडे बघत उभा राहिला. मग खिशातून घडी घातलेला कागद काढून काउंटरवर ठेवला. वीर्यतपासणीचा रिपोर्ट होता. शुक्राणूंच्या रकान्यात ‘निल’ असं छापलं होतं.

मुलगा तारवटी. आठ महिने जहाजावर, मग काही महिने घरी. लग्नाला तीन वर्षं झालेली, मूल नाही. आपल्याकडे होतं तसं आधी बायकोच्याच सगळ्या तपासण्या झाल्या होत्या, त्यात काही सापडलं नव्हतं. मी विचारलं, काही औषध चालू आहे का? नाही म्हणाला. डॉक्टरांनाही त्याने नाहीच सांगितलं होतं. जरा वेळाने स्वतःच म्हणाला की घरी असतो तेव्हा जिममधून एक इंजेक्शन घेतो, जहाजावरही बरोबर नेतो, पण ते औषध नव्हे, ताकदीचं आहे. नाव विचारलं तर टेस्टोस्टेरॉन. दीड वर्षापासून चालू होतं.

मी गप्प झालो तसा तो म्हणाला, “भाई, हातूंत वायट कितें आसा? दादल्याचेंच हार्मोन न्हय तें?”

पुरुषाच्याच अंगात तयार होणारी वस्तू पुरुषाला बाधेल कशी, हा त्याचा प्रश्न अगदी सरळ होता. तो बऱ्याच जणांच्या मनात असतो, म्हणून त्याचं उत्तर जरा निवांतपणे लिहितो आहे. त्याचा तपशील त्याला विचारून आणि ओळख पटणार नाही इतका बदलून लिहिला आहे.

कुळागर, म्हणजे पोफळीची बाग, असलेल्या घरातली पाण्याची सोय डोळ्यांसमोर आणा. खाली कुळागरात विहीर. पंप सुरू झाला की पाणी आधी पोफळींच्या पाटांत फिरतं आणि एका पाइपने वर घराच्या टाकीत चढतं. टाकीत फ्लोट असतो. टाकी भरली की फ्लोट उचलला जातो आणि पंप थांबतो. आपल्या शरीरात अंडकोश म्हणजे ती विहीर आणि ते कुळागर, दोन्ही एकाच जागी. पंपाचं बटण मेंदूच्या तळाशी, पिट्युटरी नावाच्या वाटाण्याएवढ्या ग्रंथीत. ती एलएच आणि एफएसएच असे दोन संदेश रक्तात सोडते. एलएच पोचलं की अंडकोशातल्या लायडिग पेशी टेस्टोस्टेरॉन तयार करतात, आणि एफएसएचच्या मदतीने शेजारीच शुक्राणूंची पैदास चालते. मेंदू मात्र बघतो फक्त टाकीतलं पाणी, म्हणजे रक्तातली पातळी.

आता कोणी रोज टँकर मागवून घरची टाकी भरू लागलं तर? फ्लोट वरच राहतो, पंप बंद. नळाला भरपूर पाणी, पण खाली कुळागर सुकत चाललेलं. शुक्राणू तयार व्हायला अंडकोशाच्या आत जेवढं टेस्टोस्टेरॉन लागतं ते रक्तातल्यापेक्षा कितीतरी पटींनी जास्त असतं. बाहेरून सुई टोचून तिथवर तेवढं पोचवता येत नाही. म्हणून रक्ताच्या रिपोर्टात टेस्टोस्टेरॉन उत्तम आणि वीर्याच्या रिपोर्टात शून्य, असे दोन कागद एकाच माणसाच्या हातात असू शकतात. अंडकोशही आकाराने लहान होतात, कारण त्यांचा बराचसा भाग शुक्राणू बनवण्याच्या कामाचाच असतो.

हे वैद्यकाला नवीन नाही. जागतिक आरोग्य संघटनेने पुरुषांसाठी गर्भनिरोधक शोधताना टेस्टोस्टेरॉनच वापरून पाहिलं होतं. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात निरोगी पुरुषांना आठवड्याला २०० मिलिग्रॅमचं इंजेक्शन दिलं, आणि सहा महिन्यांच्या आत निम्म्याहून जास्त जणांचे शुक्राणू शून्यावर आले. मूल होऊ नये म्हणून जे तपासलं गेलं, तेच मूल हवं असलेला माणूस ताकदीचं म्हणून घेत होता, आणि त्याला हे कोणी सांगितलेलं नव्हतं. मला त्या रात्री राग आला तो याचा.

या औषधाचे दुष्परिणाम मी दोन गटांत बघतो. काही अंगावर दिसतात, काही फक्त तपासणीत दिसतात. लोक पहिल्या गटाला घाबरतात. धोका बहुतेक दुसऱ्या गटात आहे.

अंगावर दिसणारे लवकर सांगून संपवतो. त्वचा तेलकट होते, पाठीवर आणि खांद्यांवर मुरुम येतात. घराण्यात टक्कल असेल तर केस लवकर मागे हटतात. काहींच्या पायांवर थोडी सूज येते. टेस्टोस्टेरॉनचा काही भाग शरीरात, विशेषतः चरबीत, इस्ट्रोजेनमध्ये बदलतो, त्यामुळे छाती हुळहुळते किंवा स्तनाखाली गाठीसारखं लागतं. पंधरा दिवसांनी किंवा महिन्याने घ्यायच्या इंजेक्शनमध्ये सुरुवातीचे दिवस पातळी उंच आणि शेवटचे दिवस खाली जाते. मग माणूस आधी चिडका आणि उत्साही, नंतर मरगळलेला. घरातल्या बायकांच्या हे त्याच्याआधी लक्षात येतं. त्यांनी तसं सांगितलं तर वाद घालू नका, डॉक्टरांना सांगा. मात्रा किंवा प्रकार बदलून हे सुधारता येतं.

आता रक्ताबद्दल, कारण टेस्टोस्टेरॉनच्या उपचारात सगळ्यात जास्त वेळा बिघडणारी गोष्ट तीच आहे.

टेस्टोस्टेरॉन तांबड्या पेशी वाढवतं. बायकांपेक्षा पुरुषांचं हिमोग्लोबिन जास्त असतं, त्यामागचं एक कारण हेच. बाहेरून दिलेल्या मात्रेने ही वाढ हवी त्यापेक्षा पुढे जाते. रक्तातला पेशींचा वाटा किती टक्के, ते हिमॅटोक्रिट सांगतं. आपल्या लॅबच्या रिपोर्टात बऱ्याचदा ते पीसीव्ही या नावाने छापलेलं असतं. पुरुषांत साधारण ४० ते ५० टक्के. ५४ च्या वर गेलं की औषध थांबवायचं, आकडा खाली येऊ द्यायचा आणि मग कमी मात्रेने परत सुरू करायचं की नाही ते डॉक्टर ठरवतात. रक्त घट्ट झालं की ते संथ वाहतं, गुठळी व्हायची भीती वाढते. डोकं जड वाटणं, चेहरा लालसर दिसणं, नजर धूसर होणं ही लक्षणं कधी दिसतात, बहुतेकदा काहीच दिसत नाही.

माझ्या ओळखीचे एक निवृत्त गृहस्थ आनंदाने रिपोर्ट दाखवायला आले होते. हिमोग्लोबिन १८.६. जन्मभर हिमोग्लोबिन कमी म्हणून लोखंडाच्या गोळ्या खाणारी माणसं आपण बघतो, त्यामुळे आकडा जितका मोठा तितकी तब्येत चांगली, असं त्यांना वाटलं यात नवल नाही. मी बोट फिरवून त्याच कागदावरचा पीसीव्ही दाखवला. ५६. त्यांना डॉक्टरांनी चिठ्ठी दिली होती, तीन महिन्यांनी तपासणी करायलाही लिहून दिलं होतं. बरं वाटतंय म्हणून त्यांनी ती वर्षभर केलीच नव्हती. त्याच संध्याकाळी त्यांना डॉक्टरांकडे पाठवलं.

यात आपल्याकडची एक बाब आहे. एप्रिल-मेच्या उकाड्यात घामाने अंगातलं पाणी कमी होतं आणि त्या दिवशी रक्त दिलं तर पीसीव्ही उगीच चढलेला दिसू शकतो. तपासणीच्या आदल्या दिवशी नीट पाणी प्या. दुसरं म्हणजे धूम्रपान आणि घोरणं. झोपेत श्वास अडकणाऱ्या माणसाचं रक्त आधीच घट्ट होण्याच्या वाटेवर असतं, त्यात टेस्टोस्टेरॉन दिलं तर श्वास अडकणंही वाढू शकतं आणि रक्तही. म्हणून तुमच्या घोरण्याने घरातले लोक उठत असतील तर ही गोष्ट सुई घ्यायच्या आधी सांगायची. रक्तदान करून आकडा खाली आणतो, असं काही जण सांगतात. रक्तदान चांगलंच, पण त्याने कारण जात नाही, आणि पुन्हा पुन्हा केलं तर शरीरातलं लोह संपतं. आधी मात्रा तपासायची.

हृदयाचं काय, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. बरीच वर्षं याचं उत्तर धूसर होतं. २०२३ साली एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. त्यात ४५ ते ८० वयाचे, हृदयविकार असलेले किंवा त्याचा धोका जास्त असलेले, आणि टेस्टोस्टेरॉन खरोखर कमी असलेले ५ हजारांहून अधिक पुरुष होते. अर्ध्यांना टेस्टोस्टेरॉनचं जेल, अर्ध्यांना साधं जेल. हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा हृदयामुळे मृत्यू यांचं प्रमाण एका गटात ७ टक्के, दुसऱ्यात ७.३ टक्के, म्हणजे फरक नाही. दिलासा आहे, मी तो कमी लेखत नाही. पण त्याच अभ्यासात टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्यांत हृदयाचे ठोके अनियमित होण्याचे प्रकार जास्त आढळले, फुप्फुसात गुठळी जाण्याचे प्रकारही जास्त, ०.९ टक्के विरुद्ध ०.५. पुढच्या वर्षी त्यातलीच आणखी एक गोष्ट बाहेर आली: हाडं मोडण्याचं प्रमाणही औषध घेणाऱ्यांत थोडं जास्तच निघालं. हाडांची घनता टेस्टोस्टेरॉनने सुधारते हे आधीच माहीत असल्याने हे कोणाला अपेक्षित नव्हतं. २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी या गटातल्या सगळ्या औषधांच्या माहितीपत्रकात रक्तदाब वाढण्याचा इशारा घालायला सांगितलं.

जिममधली मुलं या अभ्यासाकडे बोट दाखवून ‘सिद्ध झालंय, हृदयाला काही होत नाही’ असं म्हणतात, तेव्हा मी त्यांना थांबवतो. त्या पुरुषांची रक्ततपासणी सतत चालू होती, पातळी नेहमीच्या पट्ट्यात राहील अशी मात्रा बदलली जात होती. जिममध्ये दिली जाते ती मात्रा कित्येकदा याच्या अनेक पट असते, सोबत आणखी दोन-तीन स्टेरॉइड असतात आणि रक्त कोणी बघत नाही. त्या अभ्यासाचा दाखला त्यांना लागूच पडत नाही.

जहाजावर किंवा परदेशात काम करणाऱ्यांना वेगळं सांगतो. लांबच्या विमानप्रवासात तासन्‌तास बसून पायात गुठळी व्हायची शक्यता असतेच, रक्त घट्ट असेल तर ती वाढते. एका पायाची पोटरी सुजली, दुखू लागली, किंवा अचानक धाप लागून छातीत कळ आली तर वाट बघायची नाही, थेट इस्पितळात.

जेल घेणाऱ्यांच्या घरात लहान मूल असेल तर पुढचा भाग नीट वाचा. जेल सहसा खांद्याला आणि दंडाला लावतात. ते त्वचेवर राहतं, आणि त्वचेला त्वचा लागली की दुसऱ्याच्या अंगात जातं. उन्हाळ्यात आपल्याकडचे आजोबा उघड्या अंगाने बाल्कावात, म्हणजे दारापुढच्या ओसरीवर, बसतात आणि नात खांद्यावर चढून खेळते. असं रोज झालं तर चार-पाच वर्षांच्या मुलीलाही गुप्तांगाजवळ केस येणं, वाढ अवेळी वेगाने होणं असे बदल होऊ शकतात. अमेरिकेत अशी मुलं आढळल्यावर २००९ मध्ये तिथल्या जेलच्या वेष्टनावर सगळ्यात कडक प्रकारचा इशारा छापायला लावला गेला. जेल लावल्यावर साबणाने हात धुवायचे, सुकू द्यायचं, वर गंजी किंवा शर्ट घालायचा, आणि मुलाला उचलून घ्यायच्या आधी ती जागा धुवायची. टॉवेल वेगळा. गरोदर बाईचा त्या जागेला स्पर्श होता कामा नये, पोटातल्या मुलीच्या वाढीवर त्याचा परिणाम होतो.

इंजेक्शनांतलं औषध तेलात असतं. काही कंपन्यांचं एरंडेलात, काहींचं शेंगदाणा तेलात. शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर हे आधी सांगावं लागतं, आणि मला आठवतं त्याप्रमाणे हे कोणी आपणहून कधी सांगितलेलं नाही. दहा ते चौदा आठवड्यांनी घ्यायचं मोठं इंजेक्शन असतं, त्यात तेल जास्त असतं. क्वचित त्याचे बारीक थेंब रक्तातून फुप्फुसात जातात आणि लगेच खोकल्याची उबळ, धाप किंवा घेरी येते. म्हणून ते घेतल्यावर अर्धा तास दवाखान्यातच बसायचं. घाईत निघून जाऊ नका.

प्रोस्टेट म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालची ग्रंथी. तिच्याबद्दल लोकांच्या मनात फार धास्ती आहे. टेस्टोस्टेरॉनमुळे नवा कर्करोग होतो असं दिसलेलं नाही. पण आधीच असलेला, न सापडलेला कर्करोग त्यावर वाढू शकतो. म्हणून सुरू करण्याआधी पीएसए ही प्रोस्टेटसाठीची रक्ततपासणी आणि नंतरही ठरावीक काळाने. वर्षभरात पीएसए १.४ पेक्षा जास्त वाढला किंवा ४ च्या वर गेला तर मूत्ररोगतज्ज्ञांना दाखवायचं. रात्री लघवीला उठणं वाढलं तर तेही सांगायचं.

दोन गोष्टी औषधवाला म्हणून सांगतो. रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफेरिन घेणाऱ्यांत टेस्टोस्टेरॉन त्या गोळीचा परिणाम वाढवतं, तेव्हा आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा, लवकर लवकर तपासावा लागतो. मधुमेहाच्या औषधांवर असणाऱ्यांची साखर उतरू शकते.

ट्रान्स पुरुष, म्हणजे जन्माच्या वेळी मुलगी म्हणून नोंद झालेले पण पुरुष असलेले लोक, तेही हेच औषध डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतात. माझ्याकडे असे दोघं जण चिठ्ठी घेऊन येतात. त्यांच्या बाबतीत काही बदल हवेच असतात: आवाज घोगरा होणं, दाढी येणं, पाळी थांबणं. औषध बंद केलं तर पाळी बहुधा परत येते, आवाज मात्र परत बारीक होत नाही. रक्त घट्ट होण्याचा धोका त्यांनाही तितकाच. आणि पाळी थांबली म्हणजे गर्भ राहणार नाही असा अर्थ नाही. हे औषध गर्भनिरोधक नव्हे, त्यासाठी वेगळी काळजी लागते. त्यांना दुकानात मोकळेपणाने प्रश्न विचारता यावेत एवढं तरी आपण करू शकतो.

इतकं वाचून कोणी चिठ्ठीने चालू असलेला उपचार बंद करू नये. ज्यांच्या अंगात टेस्टोस्टेरॉन खरोखरच तयार होत नाही, त्यांच्यासाठी ते गरजेचं आहे. कोणाला जन्मतः क्लाइनफेल्टर सिंड्रोम असतो, कोणाच्या पिट्युटरीत गाठ असते, कोणाचे अंडकोश गालगुंडानंतर किंवा कर्करोगाच्या उपचारानंतर निकामी झालेले असतात. अशांची इच्छा, हाडं, रक्त आणि मन या औषधाने सावरतं. प्रश्न त्यांचा आहे ज्यांना फक्त थकवा आहे. थकवा झोप कमी झाल्याने येतो, पोट सुटल्याने येतो, रोजच्या दारूने येतो, आणि या तिन्हींनी टेस्टोस्टेरॉनही खाली जातं.

म्हणून एका रिपोर्टवर सुई घ्यायची नाही. ही पातळी सकाळी जास्त असते आणि दुपारपर्यंत उतरते. सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान, उपाशी पोटी, वेगवेगळ्या दिवशी दोनदा तपासायची. हॉटेलात किंवा कॅसिनोत रात्रपाळी करणाऱ्यांनी कामावरून सुटून थेट लॅबमध्ये गेलं तर आकडा फसवा येतो. रात्रपाळी आहे हे डॉक्टरांना सांगून वेळ ठरवायची. ताप असताना तर मुळीच नाही. उपचार सुरू झाला की तीन ते सहा महिन्यांत पीसीव्ही, पीएसए आणि पातळी, मग वर्षातून एकदा. माझ्या मते या तपासण्या म्हणजे अर्धं औषध आहे. तपासणीचे पैसे परवडत नसतील तर ते डॉक्टरांना स्पष्ट सांगा आणि उपचार पुढे ढकला, पण तपासणीविना सुई नको.

मूल हवं असेल तर टेस्टोस्टेरॉन सुरूच करायचं नसतं. पंप बंद पाडण्याऐवजी त्यालाच चालना देणारी एचसीजीसारखी औषधं असतात, ती हार्मोनचे डॉक्टर देतात.

त्या तारवटी मुलाला मी हेच सगळं सांगितलं, कुळागरासकट. त्याचं कुळागर आडपईला आहे, त्याला लगेच कळलं. दुसऱ्या दिवशी बायकोला घेऊन तो बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात, गेला आणि या वेळी इंजेक्शनाचं नाव लपवलं नाही. औषध बंद झालं. पहिले दोन-तीन महिने त्याला फार जड गेले. बाहेरचं थांबलेलं आणि आतला पंप अजून सुरू न झालेला, अशा मधल्या काळात माणूस गळून जातो, उदास होतो, कशातच इच्छा राहत नाही. हा काळ एकट्याने काढू नये. घरच्यांना माहीत असावं, डॉक्टर सोबत असावा.

एक शुक्राणू पूर्ण तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात, म्हणून वीर्यतपासणी तीन-तीन महिन्यांनी करतात. बहुतेकांचे शुक्राणू सहा महिने ते वर्षभरात परततात, काहींना दोन वर्षंही लागतात, आणि फार काळ, फार मात्रेने घेतलेल्या काहींचे पूर्ण परतत नाहीत. त्याच्या दुसऱ्या रिपोर्टातही शून्यच होतं. तिसरा त्याने चतुर्थी आटोपल्यावर केला. ‘निल’च्या जागी आकडा होता, हवा त्यापेक्षा पुष्कळ कमी, पण आकडा. डॉक्टरांनी अजून तीन महिन्यांनी परत बोलावलंय. पुढचं जहाज त्याने सोडलं, सध्या कुळागरातच काम करतो आहे.